आरपीजी: नियम हलके घ्यायचे की भारी, आणि गावातल्या दुकानाचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीतले पाच जण, चौघे कॉलेजचे आणि त्यातल्या एकाचा नववीतला भाऊ, टेबलावर बसून रोलप्लेइंग गेम (आरपीजी, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि बोलत-फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची) सुरू करू पाहतायत. एकाचं म्हणणं, खेळायचं तर डन्जन्स अँड ड्रॅगन्सच, तिन्ही जाड पुस्तकांसकट. दुसरा म्हणतो, एका पानाचे फुकट खेळ मिळतात, त्यातला एखादा घेऊ. शिवाय महाद्वार रोडच्या बाजूला स्टेशनरी आणि खेळण्यांचं एक दुकान आहे. तिथले मालक फासे आणि बॉक्स मागवून द्यायला तयार आहेत, पण ऑनलाइन तेच स्वस्त पडतं. ‘दादा, काय करावं?’

उत्तर आधी सांगतो. पहिले दोन-तीन डाव एका पानाच्या खेळावर घ्या, मग मधल्या वजनाचं काहीतरी धरा, आणि फासे त्या दुकानातूनच आणा. तुमच्यात जो जीएम (गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि निकाल देणारा) होणार आहे त्याने मात्र कारणं नीट वाचावीत, कारण पानं मोजून नियमांचं वजन कळत नाही.

नियमपुस्तक पातळ झालं म्हणून टेबलावरचं काम कमी होत नाही. तेवढं काम जीएमच्या डोक्यावर येतं. जाड पुस्तकात तेच काम लिहून ठेवलेलं असतं, आणि ते वाचायचे कष्ट सगळ्यांनी थोडे थोडे वाटून घ्यायचे असतात. म्हणून मी कुठल्याही नव्या ग्रुपला पहिला प्रश्न विचारतो तो हा: तुमच्यात ओझं उचलणारा कोण आहे, आणि त्याला कुठल्या प्रकारचं ओझं झेपतं? पटकन निर्णय देणारा, गोष्ट रंगवणारा, ‘हे असं झालं’ म्हणून ठामपणे सांगणारा पोरगा असेल तर त्याला हलके नियम द्या. वाचनाची आवड असलेला, पण ऐन वेळी सगळ्यांनी आपल्याकडे बघितलं की गोंधळणारा असेल, तर त्याला पुस्तकाचा आधार द्या.

आपल्याकडे हे समजावून सांगायला कुस्ती पुरते. खासबागेत मातीतली कुस्ती बघताना नियम एका ओळीत सांगता येतो: ज्याची पाठ लागली तो हरला. मॅटवर गुण आहेत, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आहेत, फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. मातीतला नियम लहान, पण पाठ खरंच लागली की नाही, कुस्ती किती वेळ चालू द्यायची, बरोबरीत कधी सोडवायची, हे सगळं पंचावर. म्हणून मातीतल्या पंचाला मैदानात मान लागतो. त्याचा शब्द लोक मानत नसतील तर एका ओळीचा नियम काही कामाचा नाही.

हा वाद आपल्या छंदापेक्षाही जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी नकाशावरचा युद्धखेळ होता, क्रीगश्पील. राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये त्याचे तपशीलवार नियम दिले. कुठली तुकडी किती अंतर जाईल, किती माणसं पडतील, सगळं कोष्टकांत आणि फाशांवर. अनुभवी अधिकारी त्या कोष्टकांना कंटाळले. मग १८७६ मध्ये व्हेर्दी द्यू व्हेरन्वा या अधिकाऱ्याने बहुतेक कोष्टकं बाजूला ठेवून निर्णय पंचाच्या अनुभवावर सोडणारी पद्धत मांडली. ती चालली, कारण पंचाने खरी लढाई बघितलेली होती. पुढे अमेरिकेत युद्धखेळ खेळणाऱ्या मंडळींतूनच गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स काढला, तीन छोट्या पुस्तिकांचा. त्यात इतकं काही सांगायचं राहून गेलं होतं की प्रत्येक गावात तो वेगळा खेळला जायचा. १९७७ पासून कंपनीने एकीकडे नवख्यांसाठी सोपी बेसिक पेटी आणि दुसरीकडे ॲडव्हान्स्डची जाड पुस्तकं अशा दोन्ही वाटा चालू ठेवल्या. तुमच्या दोन मित्रांमधला वाद तेव्हाच दोन रूपांत विकायला आला होता.

आता एकच प्रसंग तीन खेळांत चालवून दाखवतो, म्हणजे ओझं कुठे जातं ते दिसेल. पन्हाळ्यासारखा गड समजा. रात्र आहे, पाऊस लागलाय. येसू नावाचं पात्र तटावर दबा धरून बसलंय. बरोबर दहा फूट खाली एक पहारेकरी उभा आहे. खेळाडू म्हणतो, ‘मी त्याच्यावर उडी टाकते आणि आवाज न होता त्याला दाबून धरते.’

पहिला खेळ लेझर्स अँड फीलिंग्ज. जॉन हार्परचा, २०१३ चा, अख्खा एका पानात. मूळ अंतराळयानातला आहे, पण लोक तो कुठेही नेतात. पात्राला फक्त एकच आकडा असतो, २ ते ५ मधला. थंड डोक्याने, नेमकेपणाने करायच्या कामाला आपल्या आकड्याच्या खाली फासा पडावा लागतो, आणि भावनेच्या किंवा आवेशाच्या कामाला आकड्याच्या वर. येसूचा आकडा ४. काम नेमकेपणाचं आहे, आणि तिने आधी दबा धरून तयारी केलीय म्हणून नेहमीचे सहा बाजूंचे दोन फासे. पडले २ आणि ५. म्हणजे एक यश. नियम सांगतो: जेमतेम जमलं, जीएमने त्यात काहीतरी अडचण किंवा नुकसान घालावं. फासे टाकायला दहा सेकंद लागले. आता सगळे जीएमकडे बघतायत. कुठली अडचण? पहारेकऱ्याची मशाल गवतात पडली? येसूचा पाय मुरगळला? दुसरा पहारेकरी हाक मारतोय? पुस्तक गप्प आहे. ज्याला हे सुचतं त्याच्यासाठी हा क्षण म्हणजे सगळा आनंद, आणि ज्याला सुचत नाही त्याला घाम फुटतो.

दुसरा प्रकार म्हणजे अपोकॅलिप्स वर्ल्डच्या घराण्यातले खेळ. व्हिन्सेंट बेकरचा तो खेळ २०१० मधला, पुढे त्याच्या पद्धतीवर कितीतरी खेळ निघाले. दोन फासे टाकायचे आणि पात्राचा गुण मिळवायचा. १० किंवा जास्त आलं की काम फत्ते, ७ ते ९ आलं की जमलं पण किंमत मोजून, ६ किंवा कमी आलं की सूत्रं जीएमकडे. गुण शून्य असेल तर पूर्ण यशाची शक्यता ३६ पैकी ६, मधल्या निकालाची १५ आणि अपयशाची १५. म्हणजे ‘जमलं, पण...’ हा निकाल सारखा येतो, आणि गोष्ट त्याच्यावरच पुढे सरकते. इथे पुस्तक जीएमला एकटं सोडत नाही. त्याने काय काय करायचं याची यादीच दिलेली असते: कुणालातरी वेगळं पाड, वाईट बातमी दे, त्यांची एखादी वस्तू काढून घे. यादीतलं एक निवडायचं आणि बोलायचं. नव्या जीएमसाठी मला ही यादी जाड पुस्तकातल्या शंभर पानांपेक्षा उपयोगी वाटते. तुम्ही पुढे कुठलाही खेळ खेळा, अशी एक यादी कागदावर लिहून समोर ठेवा.

तिसरा, डन्जन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती, २०१४ ची. येसूने आधी डी-ट्वेंटी टाकायचा, वीस बाजूंचा, लपून राहण्यासाठी. साध्या पहारेकऱ्याची सावधपणाची पातळी १२ आहे, ती गाठायची. मग उडी. दहा फुटांच्या पडण्याला सहा बाजूंच्या फाशावर पडेल तेवढी इजा, आणि इजा झाली की पात्र आडवं पडतं. ती त्याच्या अंगावर पडली तर इजा कुणाला किती, याचं सरळ उत्तर त्या पुस्तकात नाही. मग क्रम ठरवण्यासाठी फासा. पहारेकरी बेसावध असल्यामुळे पहिल्या फेरीत त्याला काही करता येत नाही. मग पकडण्यासाठी येसूच्या ताकदीचा फासा विरुद्ध त्याच्या ताकदीचा किंवा चपळाईचा. जिंकली की त्याला जागचं हलता येत नाही. २०२४ च्या सुधारित आवृत्तीत हाच पकडण्याचा नियम बदललाय, त्यामुळे टेबलावर दोन आवृत्त्यांची पुस्तकं असतील तर वाद ठरलेला. आणि एवढं सगळं करून तो ओरडू शकतो की नाही? पकडलेल्याचं तोंड बंद होतं असं तीनशे वीस पानांत कुठेही लिहिलेलं नाही. शेवटी तेही जीएमनेच ठरवायचं.

जड नियमांमुळे निर्णय घ्यायची वेळ टळते, असं समजून कुणी ते घेणार असेल तर त्याची निराशा होईल. पण त्यांचा खरा फायदा दुसराच आहे, आणि तो नववीतल्या भावासाठी सांगतो.

हलक्या खेळात जीएम विचारतो, ‘काय करतोस?’ आणि लाजरं पोर गप्प बसतं. समोर अख्खं जग मोकळं असतं आणि हाताला काहीच लागत नाही. त्याच पोराच्या हातात भरलेलं कॅरेक्टर शीट द्या, ज्यावर त्याची तलवार, तिचे आकडे आणि दोन-तीन खास करामती लिहिल्यात. तो बोट ठेवून म्हणतो, ‘हे करू का?’ मी हे टेबलावर पुन्हा पुन्हा बघितलंय. चार जणांत सगळ्यात कमी बोलणारा कागदावरच्या ओळीला धरून खेळात येतो आणि तासाभराने त्या कागदाबाहेरचंही काहीतरी करून दाखवतो. नवख्याला नेहमी कमीत कमी नियम द्यावेत हा सल्ला म्हणून मला अर्धाच पटतो. बोलक्या नवख्याला तो लागू पडतो. गप्प नवख्याला हाताला धरायला काहीतरी द्यावं लागतं.

वजन कुठल्या वेळी पडतं तेही बघा. गर्प्ससारख्या खेळात (१९८६ पासूनचा) सगळं ओझं पात्र बनवताना असतं. एकदा ते झालं की बहुतेक वेळा तीन फासे टाकायचे आणि आपल्या आकड्याइतकं किंवा त्याखाली आलं की जमलं. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये ओझं पात्रागणिक वेगळं. योद्धा घेतलात तर पहिले काही आठवडे फारसं वाचावं लागत नाही. जादूगार घेतलात तर पहिल्याच लेव्हलला सहा मंत्रांची पोथी हातात येते, आणि प्रत्येक मंत्राचा आपला स्वतंत्र नियम. तिन्ही पुस्तकांचा आग्रह धरणाऱ्या मित्राला जादूगार होऊ दे, भावाला योद्धा दे. एकाच टेबलावर दोघांच्या वाट्याला वेगळं वजन आलं तरी काही बिघडत नाही.

पाचव्या आवृत्तीतला एक नियम मात्र सगळ्यांनी उचलावा. परिस्थिती अनुकूल असेल तर बेरीज-वजाबाकी न करता दोन डी-ट्वेंटी टाकायचे आणि मोठा घ्यायचा, प्रतिकूल असेल तर लहान घ्यायचा. ११ किंवा वर येण्याची शक्यता एका फाशावर ५० टक्के असते, दोघांतला मोठा घेतला की ७५ होते. नववीच्या पोराला अर्ध्या मिनिटात कळतं आणि आधीच्या आवृत्त्यांतली पानभर बेरजांची कटकट त्याने संपवली. चांगला सोपा नियम मला असा वाटतो. त्याने पुस्तकाचं ओझं कमी केलं आणि ते जीएमच्या डोक्यावरही टाकलं नाही.

भाषेचं बघू. पुस्तकं इंग्रजीत, आणि टेबलावर बोलणार आपण कोल्हापुरी मराठी. ज्या दोघांना इंग्रजी जड जातं त्यांच्यासाठी सोपा खेळसुद्धा भारी होतो. यावर उपाय आहे, आणि तो कायदेशीर आहे. जानेवारी २०२३ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या कंपनीने आपले नियम इतरांना वापरू देणारा जुना परवाना बदलायला घेतला, जगभरच्या खेळाडूंनी जोरदार विरोध केला, आणि शेवटी पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुले झाले. म्हणजे मूळ श्रेय दिलंत की त्या मजकुराचं मराठी करून, छापून, वाटताही येतं आणि विकताही येतं. तुम्ही एका पानाच्या पाठपोटावर मराठी नियमपत्रक बनवा: फासा कधी टाकायचा, लढाईत एका पाळीत काय काय करता येतं, पडलेल्याला कसं उठवायचं. एवढं पुरतं. असं पत्रक करायला बसलं की कुठले नियम खरंच लागतात आणि कुठले नुसते पानं भरतात तेही आपोआप कळतं.

क्रम असा धरा. पहिल्या दोन-तीन शनिवारी लेझर्स अँड फीलिंग्ज, दर वेळी नवा जीएम. त्यात कोण पेलतं ते दिसेल. त्यानंतर जीएम निर्णयाला पक्का निघाला तर केर्न घ्या. फुकट आहे, पात्राला तीनच गुण, लढाईत नेम लागला की नाही हे बघतच नाहीत, थेट इजा मोजतात. त्यामुळे लढाई झटपट आणि धोक्याची होते, आणि पोरं तलवार उपसण्याआधी विचार करायला लागतात. जीएमला आधार हवा असेल तर डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा स्टार्टर बॉक्स. त्यात छोटं नियमपुस्तक, तयार पात्रं, लिहिलेली गोष्ट आणि फाशांचा सेट येतो. तीन जाड पुस्तकं वर्षभरानंतर, तीही हौस टिकली तर. पाथफाइंडर डोक्यात असेल तर त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम आर्काइव्ज ऑफ नेथिस या साइटवर कंपनीच्या संमतीने मोफत वाचायला आहेत. पण तो खेळ नियमांवर प्रेम असलेल्या टेबलासाठी आहे, पहिल्या वर्षी नको.

आता दुकान.

स्वस्त मिळत असेल तर दुकानातून का घ्यायचं, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला भावनेचं उत्तर मी देणार नाही. पाच जणांच्या ग्रुपमधला एक शिकायला पुण्याला जातो, एकाला नोकरी लागते, आणि दोन वर्षांत टेबल मोडतं. सहावा आणि सातवा खेळाडू कुठून येणार? कुरिअरच्या खोक्यातून तो येत नाही. काउंटरवर पडलेले रंगीत, विचित्र आकाराचे फासे बघून ‘हे काय असतं?’ असं विचारणारं पोर, ते विचारण्याची जागा दुकान आहे. अमेरिकेतही हा खेळ सुरुवातीला छोटे खेळण्यातले सैनिक आणि मॉडेल रेल्वेगाड्या विकणाऱ्या हॉबी शॉपच्या काउंटरवरून पसरला. पुण्या-मुंबईत आज बोर्डगेम कॅफे आहेत. आपल्याकडे हे काम बरंचसं स्टेशनरी-खेळण्यांच्या दुकानांनाच करावं लागतं.

मालकांची बाजू समजून घ्या. त्यांची खरी भीती ऑनलाइनच्या भावापेक्षा अडकलेल्या पैशाची असते. एक बॉक्स मागवला आणि तो सहा महिने शेल्फवर धूळ खात बसला, तर तेवढ्याच पैशात त्यांच्या वह्या दहा वेळा विकून झाल्या असत्या. म्हणून ‘काका, मागवून ठेवा, बघू’ असं कधी म्हणू नका. पाचही जणांची ऑर्डर एकत्र करा, कागदावर लिहून द्या आणि निम्मे पैसे आगाऊ द्या. भावातला फरक शे-दोनशेचा असेल तर गप्प द्या. हजाराच्या घरात गेला तर सरळ बोला: ‘काका, ऑनलाइन एवढ्याला आहे, तुम्हाला कितीपर्यंत जमेल?’ दुकानात उभं राहून बॉक्सचा फोटो काढायचा आणि बाहेर येऊन फोनवर मागवायचं, हे मात्र करू नका. त्यांचं शेल्फ बघायला वापरायचं आणि पैसे दुसऱ्याला द्यायचे, हे मला पटत नाही.

एक अडचण खरी आहे. हलके खेळ दुकानाला काही कमवून देत नाहीत. नियम फुकट, आणि फासे ल्युडोच्या डब्यात आधीच आहेत. भारी खेळांना सात फाशांचा सेट लागतो, पुस्तकं लागतात, चौकटींचा कागद लागतो, आणि त्यावर दुकानाला चार पैसे सुटतात. पण भारी खेळ काउंटरवर उभ्या उभ्या शिकवता येत नाही. हलका येतो. म्हणजे दुकानाला दोन्ही लागतात: हलक्या खेळाने माणसं येतात, भारी खेळाने भाडं निघतं. तुम्ही एका पानाचा खेळ खेळत असाल त्या काळात वह्या, पेन्सिली, खोडरबर, कॅरेक्टर शीटच्या झेरॉक्स, प्लॅस्टिकची पाकिटं तिथूनच घ्या. रक्कम लहान असते, पण ती दर आठवड्याला येते आणि मालकांना तुमचे चेहरे ओळखीचे होतात.

ओळख झाली की टेबल मागा. जूनमध्ये मागू नका, शाळा सुरू होण्याच्या त्या दिवसांत त्यांना मान वर करायला वेळ नसतो. दिवाळीच्या आधीही नको. जुलै संपत आला, पाऊस लागून राहिलाय, गिऱ्हाईक तुरळक आहे, अशा एखाद्या दुपारी विचारा: ‘दोन तास कोपऱ्यातलं टेबल वापरू का? येणाऱ्या पोरांना फुकट शिकवू.’ तिथे अर्ध्या तासात संपणारा डाव ठेवा. पात्रं तयार, एकच प्रसंग, एकच फासा. वाटेत उभं राहू नका, डबे तिथे आणू नका, आणि निघताना टेबल पुसून द्या. कुणा पोराच्या आईने विचारलं की यात पत्त्यांसारखा पैसा लागतो का, तर तिला बसवून दहा मिनिटं खेळ बघू द्या.

पुस्तकांच्या चोरीच्या पीडीएफ ग्रुपवर फिरवू नका. वर सांगितलेले फुकट नियम तुमच्या पहिल्या वर्षाला पुरून उरतात, आणि ज्या काकांकडून आपण टेबल मागतो त्यांच्याच समोर बसून तसली पीडीएफ उघडणं बरं दिसत नाही.

मालक हो म्हणाले तर कळव. एका दुपारी मी येऊन खेळ चालवून दाखवीन. दुसऱ्या दुपारपासून मात्र जीएम तुमच्यातलाच हवा, आणि माझं मत विचारशील तर तो गप्प बसणारा नववीतला भाऊसुद्धा असू शकतो.